अहवालाची वाट

मे २०२० मध्ये मुंबई-ठाण्याहून चाकरमानी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातील आपापल्या गावी परतू लागले, तेव्हा जिल्ह्यात रुग्णालये होती, डॉक्टर होते, परिचारिका होत्या; नव्हती ती कोरोना विषाणू ओळखू शकणारी एक प्रयोगशाळा. नाकातील व घशातील स्रावाचा नमुना रत्नागिरीत घ्यावयाचा, तो शीतपेटीत बंद करून घाट ओलांडून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाडावयाचा आणि अहवाल येईपर्यंत थांबावयाचे, असा तो क्रम होता. त्याच्याही आधी, साथीच्या अगदी आरंभी, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेकडे जात. रत्नागिरी ते मिरज हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांचे आहे. परंतु हे अंतर किलोमीटरमध्ये मोजणे फसवे ठरते; ते दिवसांत मोजावयास हवे. मिरजेच्या दारात केवळ रत्नागिरीचे नमुने नव्हते. शेजारच्या जिल्ह्यांचेही होते आणि प्रत्येक पेटीला आपली पाळी येईपर्यंत थांबणे भाग होते.

जिल्ह्याला स्वतःची प्रयोगशाळा का नसावी, हा प्रश्न त्याच सुमारास एका जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला. जून २०२० मध्ये रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा सुरू झाली. आपत्ती अंगावर आल्यावर शासनयंत्रणा काही आठवड्यांत जे करू शकते, ते आपत्ती नसताना वर्षानुवर्षे का होत नाही, हा या घटनेतून उरणारा प्रश्न आहे. तो वरकरणी आरोग्याचा दिसला, तरी मुळात अर्थकारणाचा आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे, तर या प्रयोगशाळेत नेमके काय घडते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

चक्रवाढीचे गणित

विषाणू हा स्वतंत्रपणे जगणारा जीव नव्हे. आपली प्रतिकृती कशी काढावी, एवढीच आज्ञा लिहिलेली एक चिठ्ठी आणि तिच्याभोवतीचे वेष्टन, असे त्याचे स्वरूप असते. कोरोना विषाणूत ही चिठ्ठी आरएनए या रसायनाची असून तिच्यात सुमारे तीस हजार अक्षरे आहेत. डेंग्यू, माकडताप, कावीळ ‘अ’ व ‘क’, रेबीज यांचे विषाणूही आरएनएचेच. ही चिठ्ठी अत्यंत नाजूक असते. नमुना उबेत राहिला किंवा निष्काळजीपणे हाताळला गेला, तर ती विरून जाते. म्हणूनच नमुना विशिष्ट द्रवात बुडवून, तीन आवरणांत गुंडाळून, दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात न्यावा लागतो. घाटातला प्रवास लांबला, तर केवळ वेळ जात नाही. पुरावाही झिजत जातो.

प्रयोगशाळेत प्रथम विषाणूचे वेष्टन फोडून आरएनए वेगळा केला जातो. तो थेट मोजता येत नाही, कारण त्याचे प्रमाण अत्यल्प असते. आणि ज्या पद्धतीने त्याच्या प्रती वाढवावयाच्या, ती पद्धत डीएनएवर चालते. तेव्हा आरएनएवरून डीएनए तयार करणारे एक विकर वापरले जाते. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले आणि १९७५ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता. पुढची पायरी अमेरिकेतील कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली. डीएनएचा हवा तो तुकडा तापवावयाचा, थंड करावयाचा, पुन्हा तापवावयाचा. प्रत्येक आवर्तनात त्याच्या प्रती दुप्पट होतात. मुलिस यांना यासाठी १९९३ मध्ये नोबेल मिळाले. या दोन शोधांचा संगम म्हणजे आज घरोघरी नाव पोहोचलेली आरटी-पीसीआर चाचणी.

चक्रवाढ व्याजाचे गणित शिकविणाऱ्या शिक्षकास हा प्रकार परका वाटू नये. येथे व्याजाचा दर शंभर टक्के आहे आणि मुदत काही मिनिटांची. एका तुकड्याचे दहा आवर्तनांनंतर १,०२४ तुकडे होतात, वीस आवर्तनांनंतर दहा लाखांवर, आणि तिसाव्या आवर्तनाअखेर १०७ कोटींवर. प्रत्येक प्रतीबरोबर एक प्रकाशकण मोकळा होईल अशी योजना केलेली असते. यंत्र हा प्रकाश पाहत राहते आणि कितव्या आवर्तनात तो ठरावीक पातळी ओलांडतो, याची नोंद करते. हीच ती ‘सीटी’ संख्या. नमुन्यात मुद्दल अधिक असेल, तर पातळी लवकर गाठली जाते. म्हणजे संख्या जेवढी लहान, तेवढा विषाणू अधिक.

रेषा कोठे ओढावयाची?

या संख्येवरून २०२१ च्या वसंतात महाराष्ट्रात एक महत्त्वाचा प्रश्न निर्माण झाला. दुसरी लाट चढत होती आणि रुग्णालये भरत होती. अशा वेळी सीटी २४ ही मर्यादा धरून त्यापलीकडच्यांना बाधित मानू नये काय, अशी विचारणा राज्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे केली. परिषदेने नकार दिला व ३५ हीच मर्यादा कायम ठेवली. २४ आणि ३५ यांत अकरा आवर्तनांचे अंतर आहे. म्हणजे विषाणूच्या प्रमाणात सुमारे दोन हजार पटींचा फरक. मर्यादा खाली आणली असती, तर अनेक बाधित व्यक्ती कागदोपत्री निरोगी ठरून समाजात वावरल्या असत्या. शिवाय आज संख्या ३० असलेला रुग्ण आजारातून बाहेर पडत आहे की आजारात शिरत आहे, हे त्या एका संख्येवरून कळत नाही. नमुना नीट घेतला गेला नाही, तरीही संख्या वाढते.

या प्रसंगाचा बोध असा की, चाचणी ही निसर्गाने दिलेला कौल नव्हे. ती एक मापन आहे आणि मापनातील रेषा माणसेच ओढतात. रेषा सैल केली तर निरोगी माणसे विनाकारण कोंडली जातात. आवळली तर बाधित सुटतात. दोन्ही चुकांची किंमत समाजच मोजतो. म्हणून रेषा कोठे असावी, हे रुग्णालयातील खाटांच्या टंचाईवरून नव्हे, तर दोन्ही चुकांच्या किमती मांडून ठरले पाहिजे.

हीच गोष्ट झटपट प्रतिजन चाचणीची. जून २०२० मध्ये परिषदेने तिला मान्यता दिली, तेव्हा स्वतःच्या परीक्षणाचे निष्कर्षही प्रसिद्ध केले. निरोगी माणसाला बाधित ठरविण्याची चूक ती क्वचितच करीत होती. परंतु बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्केच तिच्या जाळ्यात सापडत होते. शंभर बाधितांतील सोळा ते पन्नास जण तिच्यातून निसटू शकत होते. म्हणूनच लक्षणे असूनही अहवाल नकारार्थी आल्यास आरटी-पीसीआर करावी, असा दंडक घातला गेला. प्रतिजन चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते. त्याच्या प्रती वाढवीत नाही. चक्रवाढीचा लाभ तिला नाही. मात्र तिचा अहवाल अर्ध्या तासात मिळतो. अचूकता आणि वेळ यांची ही देवघेव आहे आणि जेथे अचूक चाचणीचा अहवाल अनेक दिवसांनी येतो, तेथे हा सौदा लोकांवर लादला जातो.

वाट पाहण्याची किंमत

चाचणीची किंमत म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो प्रयोगशाळेच्या पावतीवरील आकडा. त्याचा इतिहास बोलका आहे. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांसाठी देशभरात ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये हा दर २,२०० रुपयांवर आणला, ऑक्टोबरमध्ये ९८० वर, आणि मार्च २०२१ अखेर ५०० वर. वर्षभरात किंमत एक-नवमांश झाली. पुण्याच्या मायलॅबसारख्या स्वदेशी कंपन्यांचे संच बाजारात आले, स्पर्धा वाढली, आणि मुख्य म्हणजे चाचण्यांची संख्या प्रचंड झाली. यंत्र, सुरक्षित कक्ष, प्रशिक्षित तंत्रज्ञ हा खर्च चाचणी एक होवो की हजार, करावाच लागतो. तो जितक्या नमुन्यांवर वाटला जाईल, तितका दर उतरतो.

पावतीवर न दिसणारी किंमत मात्र वेगळीच आहे. उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. समजा, एका गावात शंभर माणसे परतली, त्यांतील दोन बाधित आहेत आणि सर्वांना अहवाल येईपर्यंत शाळेच्या इमारतीत थांबविले आहे. अहवाल चौथ्या दिवशी आला, तर ९८ निरोगी माणसांचे ३९२ दिवस गेले. पहिल्याच दिवशी आला, तर ९८. फरक २९४ दिवसांचा. दिवसाची मजुरी तीनशे रुपये धरली, तर ८८,२०० रुपये, म्हणजे माणशी ८८२ रुपये केवळ वाट पाहण्यात गेले. ज्या चाचणीचा दर पुढे ५०० रुपयांवर आला, तिच्या विलंबाचा खर्च चाचणीहून अधिक! या हिशेबात शेजारच्या खाटेवर चार दिवस राहिलेल्या बाधितामुळे वाढणारा संसर्ग धरलेला नाही. पेरणीच्या तोंडावर हुकलेला हंगामही धरलेला नाही.

यावर असे म्हटले जाईल की, विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातातच. म्हणून चौदा दिवसांचे विलगीकरण टळले नसते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु हे विलगीकरण सरसकट सर्वांना लागू करावे लागले, याचे एक कारण चाचण्यांचा तुटवडा हेही होते. ज्ञान महाग असते, तेव्हा समाज सक्तीने काम भागवितो. त्या सक्तीचा भार कोणी वाहिला, हे गावोगावच्या ग्राम कृती दलांना आणि तपासणी नाक्यांवर कर्तव्य बजावलेल्या शिक्षकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

काटकसरीच्या वाटा

साधने तुटपुंजी असली, तरी विचार तुटपुंजा असण्याचे कारण नाही. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यभरतीतील उमेदवारांच्या उपदंश-तपासणीसाठी एक युक्ती मांडली. प्रत्येकाच्या रक्ताची वेगळी चाचणी करण्याऐवजी अनेकांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी करावी. ती नकारार्थी आली तर सारे सुटले, होकारार्थी आली तरच एकेकाची तपासणी करावी. डॉर्फमन पुढे हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, हा योगायोग नव्हे. एप्रिल २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच-पाच नमुने एकत्र तपासण्याची मुभा दिली, ती याच तत्त्वावर. शंभरांत एक बाधित असेल, तर शंभर माणसांसाठी सरासरी पंचवीस चाचण्या पुरतात. पाच असतील, तर सुमारे त्रेचाळीस लागतात. वीस असतील, तर सत्त्याऐंशी, म्हणजे बचत जवळजवळ संपते. म्हणून ही युक्ती साथ पसरण्यापूर्वीच उपयोगी पडते. उशिरा उभारलेल्या प्रयोगशाळेला तिचा लाभ मिळत नाही.

दुसरी वाट तंत्रज्ञानाने दाखविली. गोव्यातील मोल्बायो या कंपनीचे ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी बाजारात आले होते. विजेरीवर चालणारे, कोठेही नेता येण्याजोगे हे छोटे यंत्र एप्रिल २०२० मध्ये कोरोनासाठीही मान्य झाले. एका वेळी मोजकेच नमुने ते तपासते, पण तास-दोन तासांत उत्तर देते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील विजेचे खांब जमीनदोस्त केले. ज्या भागाची वीज अशी जाऊ शकते, त्या भागात विजेरीवरील यंत्राचे मोल वेगळे सांगावयास नको. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने शोधलेली आणि मे २०२१ मध्ये मान्य झालेली मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धतही अशीच. तिला नाकात काडी घालणारा प्रशिक्षित हात लागत नाही आणि आरएनए वेगळा काढण्याचा महागडा संचही लागत नाही.

एक पायरी वर, तोच प्रश्न

स्थानिक प्रयोगशाळा उभी राहिली आणि प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांना जून २०२१ ने उत्तर दिले. २१ जून रोजी राज्यात डेल्टा प्लस या उपप्रकाराचे २१ रुग्ण असल्याचे आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. त्यांतील सर्वाधिक, नऊ, रत्नागिरी जिल्ह्यातील होते. या उपप्रकाराचा राज्यातील पहिला मृत्यूही याच जिल्ह्यात नोंदला गेला. आरटी-पीसीआर विषाणू आहे की नाही, एवढेच सांगते. तो कोणत्या जातीचा, हे कळावयाचे तर त्याची तीस हजार अक्षरे वाचावी लागतात. ते वाचन जिल्ह्याबाहेर, दूरच्या संस्थांत होत होते. म्हणजे घाटापलीकडे जाणारी पेटी बंद झाली नव्हती. ती एक पायरी वर चढली होती. प्रत्येक जिल्ह्यात जनुकीय वाचनाची यंत्रे बसवावीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अशा नमुन्याचे उत्तर किती दिवसांत परत यावे, याचे बंधन असावयास हवे.

शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हा हेच दुसऱ्या रोगातून शिकला आहे. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने डोके वर काढले. गोचिडीतून येणारा हा रोग काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठतो. त्याच्या विषाणूचा आरएनए रक्तात प्रामुख्याने आजाराच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच सापडतो. मजूर चार दिवस अंगावर ताप काढणार, नमुना आणखी काही दिवस प्रवास करणार. या हिशेबात रोग ओळखण्याची वेळच निघून जाते. आता राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेच्या सहभागाने ट्रूनॅट यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणीही विकसित झाली आहे. यंत्र तेच, रोग वेगळा, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

रिकाम्या यंत्राचा हिशेब

साथ ओसरली की हिशेबतपासनिसाचा प्रश्न येतो. दिवसाला शेकडो चाचण्या करणारी प्रयोगशाळा आता दहा-वीस करीत असेल, तर दर चाचणीमागे खर्च किती पडतो? आकडा साहजिकच मोठा येतो आणि कंत्राटी तंत्रज्ञांची मुदत संपविणे सोपे वाटते. येथेच मूलभूत चूक होते. अग्निशामक दलाचा खर्च विझविलेल्या आगींच्या संख्येने कोणी भागत नाही. सज्जता हीच ज्या सेवेची निष्पत्ती असते, तिचे मोल वापरावरून ठरत नाही. अशी सेवा बाजार पुरवीत नाही, कारण साथ नसताना तिचे गिऱ्हाईक नसते; ती सार्वजनिक पैशातूनच उभी राहिली पाहिजे.

याला दोन प्रामाणिक आक्षेप आहेत. पहिला गुणवत्तेचा. ज्या तंत्रात एका कणाचे कोटी होतात, त्यात निष्काळजीपणाने उडालेल्या एका थेंबाचेही कोटी होतात. अननुभवी, तुरळक काम असणाऱ्या प्रयोगशाळेतून खोटे होकारार्थी अहवाल बाहेर पडण्याचा धोका मोठ्या केंद्रापेक्षा अधिक असतो. त्यावर उपाय प्रयोगशाळा बंद करण्याचा नव्हे. ठरावीक नमुने वरिष्ठ संस्थेकडून फेरतपासून घेण्याचा आणि हात सरावात ठेवण्याचा आहे. दुसरा आक्षेप प्राधान्यक्रमाचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरच नसेल, तर यंत्र काय कामाचे? प्रश्न रास्त आहे. परंतु डॉक्टर आणि निदान हे परस्परांचे पर्याय नव्हेत. निदानावाचून डॉक्टर अंदाजावर चालतो आणि अंदाजाने दिलेल्या औषधांचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो.

दोन्ही आक्षेपांचे उत्तर एकच आहे : प्रयोगशाळेला रोजचे काम द्यावे. डेंग्यू, माकडताप, विषाणूजन्य कावीळ, एचआयव्ही-बाधितांच्या रक्तातील विषाणूंचे नियमित मोजमाप, ही सारी कामे याच तंत्राची आहेत. त्यांतून यंत्र फिरते राहील, तंत्रज्ञाचा हात बसलेला राहील आणि दर चाचणीचा खर्चही उतरेल. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असल्याने शिक्षण आणि तपासणी यांची सांगड घालणे आता अधिक सुकर आहे. त्याबरोबर तंत्रज्ञांची पदे कायम स्वरूपाची असावीत, दूरच्या तालुक्यांत छोटी यंत्रे असावीत, आणि नमुना घेतल्यापासून अहवाल रुग्णाच्या हाती पडेपर्यंत किती तास गेले, हा आकडा दरमहा प्रसिद्ध व्हावा. चाचण्यांची एकूण संख्या सांगून पाठ थोपटून घेण्यापेक्षा हा एक आकडा कारभाराची खरी परीक्षा करील.

कोकणात घराची शाकारणी पावसाळ्यापूर्वी होते. वैशाखातल्या उन्हात कौले उतरविणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. कारण मृगाच्या पहिल्या सरीनंतर छपरावर चढणे शक्य नसते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. एका घराला जे शहाणपण सुचते, ते जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेला सुचू नये, असे काही कारण नाही. २०२० मध्ये भर पावसात छप्पर घालावे लागले. पुढचा पाऊस केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. आज ऊन आहे, एवढे मात्र निश्चित.